साताऱ्याची व्याकरणपरंपरा आणि अभ्यंकरांचा कोश

संस्कृत व्याकरणाच्या अभ्यासकाला ज्याच्यावाचून पुढे जाता येत नाही, असा काशीनाथ वासुदेव अभ्यंकर यांचा व्याकरणकोश १९६१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत इंग्रजीतून प्रसिद्ध झाला. कोशकार अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात प्राध्यापक होते. पण या कोशामागची विद्या साताऱ्याची आहे.

त्यांचे पणजोबा भास्करशास्त्री अभ्यंकर (१७८५–१८७०) यांनी पुण्यात नीळकंठशास्त्री थत्ते यांच्याकडे अध्ययन केले आणि पुढे साताऱ्यास राहून अनेक शिष्य तयार केले. थत्ते यांची गुरुपरंपरा थेट काशीचे थोर वैयाकरण (व्याकरणपंडित) नागेशभट्ट यांना जाऊन मिळते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, १८४८ मध्ये सातारचे राज्यही खालसा झाले. अशा पडत्या काळातही ही परंपरा खंडित झाली नाही, याचे श्रेय भास्करशास्त्र्यांसारख्या अध्यापकांना दिलेच पाहिजे. त्यांचे शिष्य रामशास्त्री गोडबोले यांच्याकडे भास्करशास्त्र्यांचे नातू वासुदेवशास्त्री (१८६३–१९४२) शिकले. पुढे महामहोपाध्याय झालेल्या वासुदेवशास्त्र्यांनी फर्ग्युसन कॉलेजात अध्यापन केले, झळकीकरांचा न्यायकोश, म्हणजे न्यायशास्त्रातल्या संज्ञांचा कोश, सुधारून वाढवला आणि पाणिनीच्या व्याकरणावरचे पतंजलीचे महाभाष्य मराठीत आणले.

अष्टाध्यायी, म्हणजे पाणिनीचा व्याकरणसूत्रांचा ग्रंथ, मुखोद्गत असलेल्या शिष्याला ‘घु’ म्हणताच ‘दाधा घ्वदाप्’ हे सूत्र आठवे, आणि दा, धा या रूपाच्या धातूंची ही संज्ञा, म्हणजे शास्त्रातले खास नाव, आहे हे त्याला वेगळे सांगावे लागत नसे. कॉलेजातल्या विद्यार्थ्याचे तसे नव्हते. पाठांतर सुटले, आणि टीकाग्रंथांत पावलोपावली येणाऱ्या घु, टि, घि या संज्ञांपाशी तो अडू लागला. ‘नदी’सारखा ओळखीचा शब्द तर त्याला अधिकच चकवी, कारण पाणिनीच्या शास्त्रात ती ईकारान्त-ऊकारान्त स्त्रीलिंगी शब्दांची संज्ञा आहे. सामान्य शब्दकोशाने ही अडचण पुरती भागत नाही. काशीनाथपंतांनी संज्ञेचा अर्थ देऊन त्यासोबत सूत्राचा आधार दिला आणि गरज पडेल तिथे भाष्यकारांचे मतही नोंदवले. पाठशाळेत गुरू जे तोंडी सांगत, ते विद्यार्थ्याला एकट्याने पाहता येईल अशी सोय त्यामुळे झाली. हे काम पदवीसाठी लिहिलेल्या अनेक प्रबंधांहून मोलाचे आहे, असे मला वाटते.

याच कोशात वैयाकरणांवरही नोंदी आहेत. भास्करशास्त्र्यांची नोंद अवघ्या काही ओळींची असून, त्यांच्या शिष्यांच्या यादीसाठी ती वाचकाला मराठी महाभाष्याच्या सातव्या खंडाकडे पाठवते. हा प्रस्तावना खंडही काशीनाथपंतांनीच लिहिला होता.