रेणवीय डॉकिंग

एखादा लहान रेणू प्रथिनाच्या पृष्ठभागावर नेमका कोठे, कोणत्या बाजूने आणि किती घट्ट बसेल, याचा संगणकाने घेतलेला अंदाज म्हणजे रेणवीय डॉकिंग होय. बसणाऱ्या रेणूला लिगंड आणि तो प्रथिनाच्या ज्या खोबणीत बसतो तिला बंधनस्थान म्हणतात. बहुतेक औषधे शरीरातील किंवा रोगजंतूतील एखाद्या प्रथिनाला चिकटूनच काम करत असल्यामुळे औषधसंशोधनाच्या पहिल्या टप्प्यात ही पद्धत सर्रास वापरली जाते.

विकर (एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) आणि ते ज्या पदार्थावर क्रिया करते तो पदार्थ यांचे नाते कुलूप-किल्लीसारखे असते, अशी कल्पना एमिल फिशर यांनी १८९४ मध्ये मांडली होती. मात्र ही किल्ली संगणकावर शोधायची तर आधी कुलपाचा आकार अणूअणूनिशी माहीत हवा. प्रथिनाच्या स्फटिकावर क्ष-किरण सोडून अणूंच्या जागा काढणाऱ्या क्ष-किरण स्फटिकविज्ञानाने तो मिळू लागला आणि १९७१ मध्ये अवघ्या सात संरचनांनिशी ‘प्रोटीन डेटा बँक’ हा प्रथिनांच्या संरचनांचा संग्रह सुरू झाला. आज त्यातील संरचनांची संख्या दोन लाखांच्या पुढे गेली आहे.

डॉकिंगचा पाया सॅन फ्रान्सिस्को येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात अर्विन कुंट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये घातला. ‘डॉक’ या त्यांच्या आज्ञावलीची युक्ती अतिशय सुटसुटीत होती. प्रथिनाची खोबण एकमेकांत मिसळणाऱ्या काल्पनिक गोलांनी भरून काढायची, म्हणजे त्या गोलांचा समूह हा खोबणीचा जणू साचाच होतो. मग गोलांच्या केंद्रांमधील अंतरे आणि लिगंडच्या अणूंमधील अंतरे जुळवत रेणू त्या साच्यात बसतो का ते पाहायचे. मायोग्लोबिन या स्नायूंतील प्रथिनात हीम हा लोहयुक्त रेणू कोठे बसतो हे प्रयोगातून आधीच ठाऊक होते. त्यावर पद्धत पारखून घेतली गेली. त्या वेळी प्रथिन आणि लिगंड दोन्ही ताठ मानले होते. पुढे कॅलिफोर्नियातीलच स्क्रिप्स संस्थेत तयार झालेल्या ‘ऑटोडॉक’ने (१९९०) लिगंडला बंधांभोवती वळण्याची मुभा दिली.

कुंट्झ यांच्या गटाचे १९९० मधील एक काम या पद्धतीचे बळ आणि मर्यादा एकदमच दाखवते. एड्सच्या विषाणूच्या प्रोटिएज या (प्रथिने तोडणाऱ्या) विकराची संरचना त्याच्या आदल्याच वर्षी उपलब्ध झाली होती. तिच्या खोबणीत बसतील असे आकार ज्ञात रेणूंच्या संग्रहात शोधताना ब्रोमपेरिडॉल हा रेणू पुढे आला, आणि त्याच्याशी जवळचे साम्य असलेले हॅलोपेरिडॉल हे मनोविकारावरील जुने औषध प्रयोगशाळेत तपासले असता त्याने ते विकर खरोखरच रोखले. पेप्टाइडांशी (अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्यांशी) काहीही साम्य नसलेला असा रोधक केवळ आकाराच्या शोधातून सापडावा, ही त्या काळी मोठीच गोष्ट होती. परंतु तो परिणाम साधायला सुमारे १०० मायक्रोमोलर इतकी संहती (द्रावणातील प्रमाण) लागत होती, आणि एवढ्या मात्रेत ते औषध माणसाला देणे शक्यच नव्हते. जागा बरोबर हेरली गेली होती, पकड मात्र सैल होती.

‘कोठे’ या प्रश्नाला डॉकिंग बरेचदा चांगले उत्तर देते. ‘किती घट्ट’ या प्रश्नाशी मात्र ते आजही झगडते आहे. शरीराच्या तापमानाला बंधनाच्या ऊर्जेत सुमारे १.४ किलोकॅलरी प्रतिमोल एवढा फरक पडला, तरी पकड दहापट बदलते; आणि खोबणीतून बाहेर पडणारे पाण्याचे रेणू, लिगंडने गमावलेली हालचालीची मोकळीक, प्रथिनाचे स्वतःचे लवचिक हेलकावे या सगळ्यांचा हिशेब करताना तेवढी चूक सहज होते. लाखो रेणू तपासायचे असल्यामुळे प्रत्येक रेणूला गुण देणारे सूत्र जलद असावे लागते, आणि या घाईची किंमत अचूकतेत मोजावी लागते. म्हणून डॉकिंगकडे चाळणी म्हणून पाहणेच योग्य ठरते: तिच्यातून उरलेले रेणू प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय कोणताही दावा करता येत नाही.

ही चाळणी किती मोठ्या राशीवर चालू शकते, हे २०१९ मध्ये दिसले. मागणीनुसार बनवून मिळू शकणाऱ्या सुमारे १७ कोटी रेणूंच्या संग्रहातून मेंदूतील डोपामीन या संदेशवाहक रसायनाच्या डी-४ या संग्राहीसाठी (ते रसायन ज्याला चिकटते त्या प्रथिनासाठी) १३ कोटी ८० लाख रेणू डॉक केले गेले आणि त्यांतील ५४९ प्रत्यक्ष तयार करून तपासले गेले. यात वरचे, मधले आणि खालचे गुण मिळालेले रेणू मुद्दाम घेतले होते. गुण उतरत गेले तसतसे प्रत्यक्षात चिकटणाऱ्या रेणूंचे प्रमाणही उतरत गेले. एकेका रेणूबाबत चुकणारे सूत्र मोठ्या समूहाबाबत खरी दिशा दाखवते, याचा हा मला सर्वांत पटणारा पुरावा वाटतो. यातूनच १८० पिकोमोलर (एक मायक्रोमोलर म्हणजे दहा लाख पिकोमोलर) एवढ्या अत्यल्प संहतीत काम करणारा आणि इतर डोपामीन संग्राहींऐवजी डी-४ चीच निवड करणारा एक रेणूही सापडला.

अल्फाफोल्डसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालींमुळे आता प्रथिनातील अमिनो आम्लांच्या क्रमावरून त्याच्या संरचनेचे भाकीत करता येते; २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल अशा भाकितासाठी डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना, तर संगणकाने नवी प्रथिने रचण्यासाठी डेव्हिड बेकर यांना मिळाले. तथापि भाकीत केलेल्या संरचनेत सांगाडा अचूक असला तरी खोबणीतील एखादी उपशृंखला (अमिनो आम्लाची सांगाड्याबाहेर आलेली शाखा) वेगळ्या बाजूला वळलेली असू शकते, आणि तेवढ्यानेही लिगंडची वाट अडते. त्यामुळे शोध सुरू करण्यापूर्वी, प्रयोगाने मिळालेली संरचना हाताशी असेल तर तिच्यातील ज्ञात लिगंड काढून तो संगणकाकडून पुन्हा बसवून घेण्याची रीत आहे. तो मूळ जागेपासून सरासरी दोन अँगस्ट्रॉमच्या (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) आत आला, तरच ती मांडणी पुढील कामासाठी सामान्यतः ग्राह्य धरली जाते.