स्टुडिओची नोंदवही आणि पोर्टफोलिओ: फरक कुठे पडतो

वर्षभराच्या कामाचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकले की चित्रकलेचे विद्यार्थी त्यालाच कधी नोंदवही म्हणतात, कधी पोर्टफोलिओ. दोन्हींत चित्रं तीच असल्याने ही गल्लत होते. नोंदवही तुम्ही स्वतःच्या पुढच्या कामासाठी लिहिता. पोर्टफोलिओ लावता तो अनोळखी माणसाने काही मिनिटांत पाहावा म्हणून. त्यामुळे फसलेलं काम नोंदवहीत सगळ्यात मोलाचं ठरतं आणि पोर्टफोलिओत त्याला जागा नसते.

एकच काम घेऊन बघू. जांभ्यापासून (कोकणातला तांबडा दगड) रंग तयार करून चिरेखाणीची, म्हणजे जांभ्याचे चिरे कापतात त्या खाणीची, चित्रं काढायची आहेत. खाणीवर चिरे कापताना पडणारा भुसा हवा तेवढा मिळतो. जांभ्याचा तांबडा-पिवळा रंग लोहाच्या ऑक्साइडचा, म्हणून तो उजेडाने विटत नाही. भुसा खलात बारीक वाटून पाण्यात ढवळायचा, अर्धा मिनिट थांबायचं आणि वरचं रंगीत पाणी दुसऱ्या भांड्यात ओतायचं. तळाशी राहते ती रेव टाकून द्यायची. ओतलेलं पाणी रात्रभर निवळलं की वरचं नितळ पाणी काढून गाळ सुकवायचा. बाभळीचा डिंक 1 भाग आणि गरम पाणी 2 भाग एकत्र भिजवून फडक्यातून गाळला की बांधणीचं, म्हणजे रंग कागदाला चिकटवून ठेवणारं, पाणी तयार. हे पाणी गाळात कमी-जास्त घालून कागदावर रंगाच्या चाचणी-पट्ट्या ओढायच्या. आता त्या दिवशीची नोंद अशी हवी (जीएसएम म्हणजे कागदाचं दर चौरस मीटर वजन ग्रॅममध्ये, कोल्ड प्रेस म्हणजे किंचित खरखरीत कागद):

«12 जुलै. दिवसभर पाऊस. सुका गाळ 2 चमचे + डिंकाचं पाणी 1 चमचा. कागद 300 जीएसएम, कोल्ड प्रेस. पट्टी 1: सुकल्यावर बोट फिरवलं, लाल पूड हाताला लागते. डिंक कमी. पट्टी 2: डिंकाचं पाणी 2 चमचे. पूड लागत नाही, मॅट. पट्टी 3: 4 चमचे. चकाकी येते, जाड थराला तडे. पट्टी 2 धरायची. उरलेल्या रंगात लवंगेच्या तेलाचे 2 थेंब. बुरशी येते का, 20 तारखेला बघणे.»

आणि याच कामाची पोर्टफोलिओतली ओळ:

«चिरेखाण 2, 2025. जांभ्याची माती व बाभळीचा डिंक, कागदावर. 38 × 56 सेंमी.»

बस, एवढंच. शीर्षक, वर्ष, माध्यम आणि माप. मापात आधी उंची, मग रुंदी. तडे, चमचे, लवंगेचं तेल इथे आणायचं नाही. पण वर्षभराने ही ओळ लिहायला बसलात आणि नोंद नसली, तर डिंक होता की फेविकॉल, कागद कोणता, माप किती हे आठवत नाही. मग «मिश्र माध्यम» असं मोघम लिहून वेळ मारून नेली जाते. पाहणाऱ्याला त्यातून काहीच कळत नाही.

नोंद त्याच दिवशी, हात धुण्याआधी लिहावी. तारीख, हवा, साहित्य, प्रमाण, काय झालं, पुढे काय करायचं, इतकं चार-पाच ओळींत मावतं. कोकणात हवेची नोंद हवीच. जुलैत जलरंगाचा वॉश (पातळ, पसरट थर) वाळायला मे महिन्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागतो. अर्धवट ओल्या थरावर दुसरा थर चढवला की कडेला दातेरी डाग उठतो. तो ब्रशमुळे आला की घाईमुळे, हे वाळण्याची वेळ लिहिली असेल तरच सांगता येतं. पावसाळाभर उघडा पडलेला कागदही दगा देतो. त्यावरचं साइझिंग (पाणी लगेच शोषू न देणारा लेप) ओलाव्याने निकामी होतं आणि रंग टिपकागदासारखा आत शोषला जाऊन ठिपके दिसतात. गठ्ठा कधी फोडला हे वहीत असेल तर दोष रंगाला जात नाही. फिक्सेटिव्हचा (कोळसा, पेस्टल पुसू नये म्हणून मारायचा) स्प्रेसुद्धा भर पावसात मारू नये, पांढुरकी साय धरते.

वहीसाठी पाण्याने पसरणाऱ्या शाईचं जेल पेन टाळा, दमट पानावर ती फुटते. पेन्सिल किंवा पिगमेंट शाई (वाळल्यावर पाण्याने न पसरणारी) चालते. वही बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलसह ठेवा, पण आधी पानं पूर्ण वाळवून. ओली वही डब्यात बंद केली तर बुरशीला आयतं घर मिळतं.

जुनी नोंद खोडायची नाही. मत बदललं तर खाली नव्या तारखेने लिहा. पोर्टफोलिओचं उलट आहे. तो दर अर्जागणिक नव्याने लावायचा: एमएफएच्या (कलेतली पदव्युत्तर पदवी) प्रवेशाला वेगळा, शिष्यवृत्तीला वेगळा. संख्या दिलेली असेल तर ती पाळा. नसेल तर 15 ते 20 कामं पुरतात. एकाच खाणीची सहा चित्रं असतील तर दोन ठेवा. सगळ्यात भक्कम काम पहिलं, त्याखालोखालचं शेवटी.

फोटोतही हाच भेद. नोंदवहीचा फोटो तिरका, सावली पडलेला असला तरी बिघडत नाही, पण तो मागे फिरता न येणाऱ्या प्रत्येक पायरीआधी काढलेला हवा: वॉश देण्याआधी, लिनोचा (कोरून ठसा काढायचा मऊ तक्ता) पुढचा भाग कोरण्याआधी. पोर्टफोलिओचा फोटो निवांत काढा. ढगाळ दिवशी पडवीतला उजेड उत्तम, थेट ऊन नको. चित्र भिंतीला सपाट लावा, लेन्स चित्राच्या मध्याच्या उंचीवर आणि समांतर धरा. फोनची वाइड लेन्स कडा वाकवते, म्हणून मागे सरकून 2एक्स झूमवर घ्या. इथे एक गोष्ट हमखास नडते: समोर हिरवीगार झाडी किंवा तांबडं अंगण असलं की त्याची झाक चित्रावर पडते. चित्राशेजारी करड्या रंगाचं कार्ड धरून पहिला फोटो घ्या आणि व्हाइट बॅलन्स (फोटोतल्या रंगांचा तोल) त्यावरून लावा. फिल्टर नको.

फाइलींची नावंही वेगळी ठेवा. नोंदवहीच्या फोटोंना तारखेने सुरू होणारं नाव द्या, म्हणजे क्रम आपोआप लागतो. पोर्टफोलिओत 01, 02 असा तुमचा क्रम, मग आडनाव आणि शीर्षक, तेही रोमन अक्षरांत. काही अर्जप्रणाली देवनागरी नावाची फाइल घेत नाहीत.

काही ठिकाणी पोर्टफोलिओसोबत प्रक्रियेची पानंही मागतात. तेव्हा नोंदवहीतली दोन-तीन पानं आहेत तशी स्कॅन करून जोडा. काम संपल्यावर «प्रक्रिया» म्हणून नव्याने रंगवलेली पानं परीक्षकांच्या लगेच लक्षात येतात: सगळीकडे एकच पेन, एकच हात, आणि एकही वाट चुकलेली नाही. खऱ्या पानावर तडे गेलेली पट्टी 3 असते, आणि परीक्षकाला तीच बघायची असते.

पिंगुळीची चित्रकथी (चित्रं दाखवत गोष्ट सांगण्याची लोककला) किंवा सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते) शिकत असाल तर सरावासाठी केलेल्या नकला वहीतच राहू द्या. कोणाकडून शिकलात, मूळ चित्र कुठे पाहिलं, फोटोची परवानगी कोणी दिली, हे तिथे लिहून ठेवा. त्यातली एखादी पोर्टफोलिओत घ्यावीशी वाटलीच तर माध्यमाच्या ओळीखाली «मूळ चित्रावरून अभ्यास» असं स्पष्ट लिहा.