पावसाने पक्का झालेला रस्ता

माझा भाचा आइंडहोवनला असतो. रविवारी आमचा व्हिडिओ कॉल ठरलेला, आणि गेली दोन वर्षं त्यातला मुख्य विषय सायकल. मी इंदूरबाहेर, सांवेर रोड सोडून आत शिरणाऱ्या शेतरस्त्यांवर चालवते. तो त्याच्या घरामागच्या जंगलात आणि माळावर. एका रविवारी तिकडे रात्रभर पाऊस पडून गेला होता. मी म्हटलं, "मग आज घरीच?" तो हेल्मेटचा पट्टा आवळत म्हणाला, "घरी कशाला मावशी? आजच तर मजा. पावसाने रस्ता पक्का झालाय."

हे वाक्य माळव्यात कुणी बोललं तर लोक आधी त्याच्या कपाळाला हात लावून ताप बघतील. आमच्याकडे जूनमध्ये पहिली दमदार सर आली की कच्च्या रस्त्यावरची सायकल घरात जाते ती थेट दसऱ्याच्या आसपास बाहेर येते. मध्ये कुणी हौसेने निघालंच तर सायकलवरून जातं आणि सायकल खांद्यावर घेऊन परत येतं. पावसाच्या एकूण आकड्यात म्हणावा तसा फरकही नाही. इंदूरला वर्षाला सुमारे साडेनऊशे ते हजार मिलिमीटर पडतो, नेदरलँड्समध्ये साधारण साडेआठशे. आमचा तीन-चार महिन्यांत कोसळतो, त्यांचा वर्षभर झिमझिमतो, एवढंच. मग तेच पाणी तिकडे रस्ता बांधतं आणि इकडे मोडतं, हे कसं?

आधी तिकडची जमीन बघू. आइंडहोवनच्या आग्नेयेला स्ट्राब्रेख्तसे हाइडे नावाचा सुमारे दीड हजार हेक्टरांचा माळ आहे. सपाट, इतका की भाच्याच्या सायकलला गिअर कशाला, असा प्रश्न पडावा. गुडघ्याएवढी हेदरची झुडपं ऑगस्टअखेरीस जांभळी होतात, आणि कडेने पाइनची झाडं कवायतीला उभी केल्यासारखी रांगेत. रांगेत, कारण ती लावलेली आहेत. खाणींतल्या बोगद्यांना टेकू द्यायला लाकूड लागायचं. माळही निसर्गाने दिलेला नाही. शेकडो वर्षं तिथल्या शेतकऱ्यांनी मेंढ्या चारल्या, झुडपांसकट मातीचा वरचा थर सोलून गोठ्यात पसरला, शेणामुताने भिजला की शेतात टाकला. शेतं सुपीक होत गेली, माळ भिकेला लागत गेला. रासायनिक खत आल्यावर हा उद्योग थांबला आणि उरलेल्या माळावर पाइन चढले.

या सगळ्याच्या खाली आहे वाळू. शेवटच्या हिमयुगात हा भाग बर्फाखाली नव्हता, पण उजाड आणि गोठलेला होता. वाऱ्याने बारीक वाळू उडवून मैलोन्मैल चादरीसारखी अंथरली. ते हिमयुग संपून अकरा-बारा हजार वर्षं झाली. वाळू बहुतेक क्वार्ट्झची, म्हणजे जवळपास काचच. तिला फारसं पाणी धरून ठेवता येत नाही, अन्नद्रव्यंही नाहीत. तिथे गहू पेरायला कुणी जाणार नाही. सायकलवाल्याला मात्र लॉटरीच.

(या खेळाला 'ग्रॅव्हल' म्हणतात, म्हणजे खडी, आणि भाच्याच्या वाटेवर खडी औषधालाही सापडत नाही. नाव अमेरिकेतून आलं. कॅन्ससमधल्या एम्पोरिया गावाभोवती खडीच्या शेतरस्त्यांवर दोनशे मैलांची शर्यत २००६ मध्ये सुरू झाली, २०२२ मध्ये इटलीत पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं, आणि तोवर डांबर सोडून जे काही असेल त्या सगळ्याला ग्रॅव्हल म्हणायची पद्धत पडली होती. आमच्या मुरमाच्या रस्त्याला हे नाव त्यापेक्षा जास्त शोभेल.)

कोरड्या वाळूत सायकल घातली की पुढचं चाक दारू प्यायल्यासारखं भरकटतं. दाणे सुटे असतात, एकमेकांवरून घरंगळतात, चाक खाली जातं आणि पुढे वाळूचा छोटा ढीग साचतो. तो ढीग चढावा तर चाक पुन्हा खाली. सपाट रस्त्यावर तुम्ही अखंड चढण चढत असता. पाऊस पडला की दोन दाण्यांच्या सांध्यात पाण्याचा इवलासा थेंब अडकतो. त्याचा पृष्ठताण दोन्ही दाण्यांना आपल्याकडे ओढतो, जशा ओल्या केसांच्या बटा एकमेकींना चिकटतात तशाच. असे लाखो थेंब मिळून वाळूला घट्ट करतात. चौपाटीवर किल्ले करणाऱ्या पोरांना हे ठाऊक असतं. जास्त पाणी ओतलं की किल्ला ढासळतो हेही ठाऊक असतं, कारण दाण्यांमधली सगळी पोकळी भरली की ओढायला थेंबाचा पृष्ठभागच उरत नाही. पण माळावर ती वेळ सहसा येत नाही. वाळू चाळणीसारखी, जादा पाणी खाली निघून जातं आणि सांध्यांपुरतं मागे राहतं. म्हणून पाऊस थांबला की भाच्याचा रस्ता तयार.

याचा एक झकास प्रयोग ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या भौतिकशास्त्रज्ञांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. इजिप्तमधल्या जेहुतीहोतेपच्या थडग्यात, सुमारे चार हजार वर्षांपूर्वीचं एक चित्र आहे: प्रचंड पुतळा घसरगाडीवर, दोऱ्या ओढणारी माणसांची रांग, आणि गाडीच्या पुढच्या टोकावर उभा एक जण खाली पाणी ओततोय. हा धार्मिक विधी असावा असंही समजलं जायचं. या मंडळींनी छोटी घसरगाडी केली आणि वाळूत वेगवेगळ्या प्रमाणात पाणी घालून ओढून पाहिली. योग्य तेवढी ओल असली की ओढायला लागणारं बळ जवळपास निम्म्यावर आलं. कोरड्या वाळूत गाडीपुढे ढीग साचत होता, ओल्या वाळूत साचत नव्हता. तो ढीग म्हणजे भाच्याच्या पुढच्या चाकासमोरचाच ढीग.

आता घरी येऊ. माळव्याची काळी माती ही दख्खनच्या लाव्ह्याची नात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास थरांवर थर साचलेला बेसॉल्ट कुजत कुजत माती झाला, आणि त्यात माँटमोरिलोनाइट नावाचं चिकणमातीचं खनिज भरपूर आलं. त्याची रचना लांबणीच्या पोळीच्या पदरांसारखी असते: एकावर एक पापुद्रे, प्रत्येक पापुद्रा सुमारे एक नॅनोमीटर जाड, म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. पाणी या पापुद्र्यांच्या मध्ये शिरतं, त्यांना दूर सारतं, आणि माती फुगते.

फरक किती, ते क्षेत्रफळावरून कळतं. भाच्याच्या माळावरची एक ग्रॅम वाळू घेतली आणि सगळ्या दाण्यांचा पृष्ठभाग मोजला तर तो साधारण तळहाताएवढा भरेल. एक ग्रॅम माँटमोरिलोनाइटचे सगळे पापुद्रे उलगडून अंथरले तर सात-आठशे चौरस मीटर होतील. इंदूरच्या विजयनगर भागातले हजार चौरस फुटांचे आठ फ्लॅट समजा. चिमूटभर खनिजात एवढी जागा, आणि तिच्या इंचाइंचाला पाणी हवं. 'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर' ही म्हण इथल्या पोरासोरांना पाठ असते. पावलोपावली नीर आहे खरं, पण त्यातलं बरंचसं पापुद्र्यांत अडकलेलं. त्याच ओलीवर थंडीत हरभरा येतो, म्हणून शेतकरी तिला शिव्या देत नाही. शिव्या आम्ही देतो.

मला सगळ्यात गंमत वाटते ती पुढच्या गोष्टीची. उन्हाळ्यात हीच माती विटेसारखी कडक होते, हात आत जाईल अशा भेगा पडतात. ती ताकदही बरीचशी पाण्याच्याच ओढीची. दाण्यांमधली फट जितकी अरुंद, तितकी पाण्याची ओढ जबर. वाळूतल्या फटी मोठ्या, म्हणून तिथे ओढ किल्ला उभा राहण्यापुरती. काळ्या मातीतल्या फटी अतिसूक्ष्म. सुकताना उरलंसुरलं पाणी कणांना इतक्या जोराने आवळतं की माती आक्रसून फाटते. मे महिन्यातला माझा दगडासारखा शेतरस्ता आणि भाच्याची पावसानंतरची वाट, दोन्ही एकाच पृष्ठताणाच्या जिवावर उभ्या. वाळूला त्यासाठी पाणी मिळावं लागतं, चिकणमातीचं काढून घ्यावं लागतं.

आणि या दोन टोकांच्या मध्ये आहे चिखल. अल्बर्ट ॲटरबर्ग या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञाने १९११ च्या सुमारास चिकणमातीच्या या अवस्थांना सीमा आखून दिल्या. त्याची एक कसोटी आजही रस्ते बांधणाऱ्यांच्या प्रयोगशाळेत होते, आणि ती पाहिली तर आपल्या आज्या हसतील, कारण ते सरळसरळ वळवट आहे. ओल्या मातीचा गोळा घ्यायचा, काचेवर तळव्याने वळून तीन मिलिमीटर जाडीची दोरी करायची. पुन्हा गोळा, पुन्हा दोरी. वळता वळता माती सुकत जाते आणि एका क्षणी त्या जाडीला दोरीचे तुकडे पडतात. त्या वेळी मातीत जितकं पाणी असेल ती तिची खालची सीमा. तिच्यापेक्षा कोरडी माती मोडते, चिकटत नाही. ओली माती लवचीक होते आणि दिसेल त्याला मिठी मारते. वरची सीमा म्हणजे माती वाहू लागते ती. या दोन सीमांमधलं अंतर काळ्या मातीत फार मोठं असतं, त्यामुळे एकदा भिजली की ती आठवडेच्या आठवडे मिठी मारण्याच्या मनःस्थितीत राहते. वाळूची दोरी वळून बघा. वळतच नाही.

सायकलवर ही मिठी कशी बसते ते एकदा जवळून पाहिलंय. चाकाच्या पहिल्या फेरीत टायरवर पातळ लेप बसतो. दुसऱ्या फेरीत त्या लेपाला नवी माती चिकटते, कारण मातीला रबरापेक्षा माती जास्त प्रिय. सोयाबीनची पानं, गवताच्या काड्या त्यात गुंफल्या जातात, गोवरी थापतात तसं. पाच-सहा फेऱ्यांत टायर आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा फोर्क यांच्यातली बोटभर फट भरते आणि चाक उभं राहतं. ग्रॅव्हल सायकलच्या फोर्कमध्ये मुद्दाम जास्त जागा ठेवतात ती यासाठीही. काळ्या मातीपुढे तिला मात्र दहा-बारा मीटर जास्त मिळतात, बस. मग कडुनिंबाची काडी शोधायची आणि खरवडत बसायचं.

यावर जुना उपाय मुरूम. तोही बेसॉल्टच, फक्त अर्धवट कुजलेला: खडे आहेत, त्यांना बांधून ठेवण्यापुरती बारीक मातीही आहे, पण फुगण्याइतकी नाही.

राहिली टायरमधली हवा. आमच्या कोपऱ्यावरचा पंक्चरवाला अंगठ्याने टायर दाबतो आणि "मैडम, टाइट कर देता हूँ" म्हणत पंप मारायला लागतो. डांबरी रस्त्यावर त्याचं चुकत नाही. टायर रस्त्याला टेकतो तिथे दबतो, पुढे जाऊन पुन्हा फुलतो, आणि या उठाबशीत रबर थोडी ऊर्जा खातं. कडक टायर कमी दबतो म्हणून कमी खातो. मातीवर हिशोब फिरतो. टायरमध्ये जितका दाब, साधारण तितक्याच दाबाने तो जमिनीला रेटतो. माझ्या मागच्या चाकावर पंचेचाळीसेक किलो भार येतो. ६० पाउंड हवा असेल तर तो भार अकरा चौरस सेंटिमीटरवर पडतो, म्हणजे दहा रुपयांच्या दोन नाण्यांएवढ्या जागेवर. ३० पाउंड ठेवली तर चार नाण्यांएवढ्या. मऊ जमिनीला साठ झेपत नाही, तीस कदाचित झेपतं. खडबडीत मुरमावर दुसराच फायदा: मऊ टायर खड्याला पोटात घेतो, कडक टायर सायकलसकट मला उचलून आपटतो. प्रत्येक उचलण्याचे पैसे माझ्या पायातून जातात. हवेचा टायर १८८७-८८ मध्ये बेलफास्टच्या डनलॉपने बनवला तो मुलाच्या तिचाकीचा खडखडाट कमी व्हावा म्हणून; रेसवाल्यांनी तो उचलला तो वेगासाठी. खडखडाट आणि वेग ही एकाच खात्यातली देणीघेणी आहेत, हे आमच्या पंक्चरवाल्याला पटवायचा मी नाद सोडलाय. घरी येऊन अर्धी हवा काढून टाकते.

भाचा गेल्या नोव्हेंबरात आला होता. एका पहाटे त्याला माझ्या वाटेवर नेलं. माती सुकलेली, रस्ता बैलगाडीच्या चाकोऱ्यांसकट ठणठणीत; पठ्ठ्या खूश होता. पुढे एका शेतात गव्हाच्या पेरणीआधी पाणी सोडलं होतं, इकडे त्याला पलेवा म्हणतात, आणि पाटातून फुटून ते वाटेवर आलं होतं. पंधरा-वीस पावलांचा काळाभोर, गुळगुळीत पट्टा. मी ब्रेक दाबून ओरडले. त्याने मागे वळून हात केला आणि उलट वेग वाढवला. ओली जमीन पक्की, ही दोन वर्षांची सवय.

पट्ट्याच्या बरोबर मधोमध त्याची सायकल थांबली. पडला नाही, नुसता थांबला, दोन्ही पाय घोट्यापर्यंत आत. थोडा वेळ चाकाकडे बघत राहिला, मग म्हणाला, "मावशी, काडी आहे का?"