टेनेसी कोनफ्लॉवर: यादीतून नाव कमी झालं त्यामागची पार्श्वभूमी

१८९८ मध्ये या फुलाचं पहिलं शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झालं, पुढे कित्येक वर्षं ते कुणाला दिसलंच नाही म्हणून नामशेष समजलं गेलं, आणि १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात नॅशव्हिल शहराजवळ परत सापडलं. जुना इतिहास एवढाच. खरी गंमत १९७९ पासून, जेव्हा ते अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत आलं.

हे जंगली उगवतं फक्त मध्य टेनेसीतल्या डेव्हिडसन, विल्सन आणि रदरफोर्ड काउंटीत, तेही सीडर ग्लेडवर. म्हणजे चुनखडीचा सपाट कातळ, वर जेमतेम थर मातीचा, हिवाळ्यात-वसंतात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात सगळं करपतं, मोठी झाडं तिथे टिकत नाहीत, कडेच्या भेगांत तेवढी जुनिपरची सूचिपर्णी झाडं. याचं सोटमूळ खोल जातं म्हणून हे तगतं, पण सावली पडली की हरलं. बी आईच्या पायाशीच पडतं, त्यामुळे नवीन ग्लेड गाठणं अवघड. त्यात शहर वाढलं, घरं-रस्ते आले, कचरा टाकायला मोकळी जागा म्हणून ग्लेडच दिसले लोकांना.

आता वादाचा मुद्दा. हे फूल वाचवण्यासाठीच्या १९८९ च्या सुधारित सरकारी आराखड्यात नाव काढण्यासाठी अट होती, किमान पाच सुरक्षित समूह हवेत आणि प्रत्येकात स्वतःच्या जिवावर टिकणाऱ्या तीन वसाहती. मग जमिनी विकत घेतल्या, काही ग्लेड राखीव केले, बिया आणि रोपं लावून नवीन वसाहती उभ्या केल्या, आणि २०११ मध्ये नाव यादीतून काढलं. पण लावलेल्या वसाहती मोजणीत धरायच्या का? समर्थक म्हणतात, पिढ्या आपोआप चालल्या तर मूळ कुठलं याने काय फरक पडतो. मला हे अर्धंच पटतं, कारण माणसाने जुनिपर छाटायचं थांबवलं की काही ठिकाणी सावली परत येणार, मग 'स्वतःच्या जिवावर' म्हणजे नेमकं काय? कायद्यानुसार यादीतून नाव काढल्यानंतर किमान पाच वर्षं लक्ष ठेवावं लागतं, पण झुडपं पाच वर्षांनी वाढायची थांबत नाहीत ना.

भरीला नर्सरीत 'रॉकी टॉप' नावाने मिळणारी रोपं संकरित आहेत, ती ग्लेडच्या आसपासच्या बागांत लावली तर परागकण कुठे जातील यावर कुणाचा ताबा नाही. आणि त्याच रदरफोर्डच्या ग्लेडवर उगवणारी पाइन्स ग्राउंड प्लम ही दुसरी वनस्पती १९९१ पासून यादीत आहे, ती अजून बाहेर आलेली नाही.