आरोग्यविम्याची सक्ती: फायदा कुणाला, बोजा कुणावर?

आरोग्यविमा ऐच्छिक ठेवला आणि हप्ता सगळ्यांना सारखाच आकारला, तर ज्यांच्या मागे दुखणी आहेत ते आधी विमा घेतात आणि धडधाकट माणसं टाळाटाळ करतात. मग दावे वाढतात, हप्ता चढतो आणि उरल्यासुरल्यांतले निरोगी लोकही बाहेर पडतात. १९९५ च्या सुमारास हार्वर्ड विद्यापीठाने महागडी योजना निवडणाऱ्या कर्मचाऱ्यांना जादा खर्च स्वतः भरायला लावला. तरुण, निरोगी मंडळी स्वस्त योजनेकडे वळली, महागड्या योजनेचा हप्ता भडकला आणि काही वर्षांतच ती बंद करावी लागली. सक्तीमागचं मुख्य कारण हेच: निरोगी माणसं आत राहिली तरच आजाऱ्यांना हप्ता परवडतो.

पण विम्यामुळे तब्येत सुधारते का? हे मोजणं अवघड आहे, कारण विमा असलेल्या आणि नसलेल्या लोकांत उत्पन्न, शिक्षण, सवयी सगळ्यातच फरक असतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात गरिबांसाठीच्या सरकारी विम्यात सुमारे १० हजार जागा होत्या आणि नावं नोंदवली जवळपास ९० हजार लोकांनी. सोडत काढावी लागली, आणि संशोधकांना आयताच प्रयोग मिळाला. दोनेक वर्षांनी सोडतीत विमा मिळालेल्यांची न मिळालेल्यांशी तुलना केली तर रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि साखर यांत ठळक फरक आढळला नाही. तातडीच्या उपचार विभागातल्या फेऱ्या तर सुमारे ४० टक्क्यांनी वाढल्या होत्या. मात्र नैराश्याचं प्रमाण बरंच घटलं होतं आणि दवाखान्याच्या बिलापायी कंबरडं मोडण्याची वेळ जवळजवळ कुणावरच आली नव्हती. माझ्या मते हा फायदा रक्तदाबाच्या आकड्याइतकाच खरा आहे. विमा मुळात असतोच त्यासाठी.

जीव वाचतात का, हे तपासायला मात्र काही हजार माणसं पुरत नाहीत. २०१० च्या कायद्याने अमेरिकेत विमा नसणाऱ्यांना दंड लागू झाला. दंड भरलेल्या सुमारे ४५ लाख कुटुंबांपैकी ३९ लाखांना करखात्याने विमा घेण्याचा सल्ला देणारी पत्रं पाठवली. सगळ्यांना पाठवण्याइतका निधी नव्हता, म्हणून वगळायची कुटुंबं यदृच्छया निवडली. पत्र मिळालेल्यांत विमा घेणारे वाढले आणि पुढच्या दोन वर्षांत ४५ ते ६४ वयोगटात दर १,६४८ माणसांमागे एक मृत्यू कमी झाला. नुसत्या एका पत्राने!

आता खर्चाची बाजू. सक्ती नोकरी देणाऱ्यावर केली की पैसे मालकाच्या खिशातून जातात असं वाटतं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या काही राज्यांनी नोकरीतल्या आरोग्यविम्यात बाळंतपणाचा खर्च धरणं बंधनकारक केलं. अर्थशास्त्रज्ञ जोनाथन ग्रुबर यांनी नंतर हिशेब मांडला, तेव्हा त्यातला बहुतेक बोजा बाळंतपणाच्या वयातल्या विवाहित स्त्रियांच्या पगारातूनच वळता झाल्याचं दिसलं. पगाराच्या चिठ्ठीवर ही कपात कुठेच लिहिलेली नसते, म्हणून ती कुणाला खुपतही नाही.

अमेरिकेने २०१९ पासून तो दंड शून्यावर आणला. विम्याचा बाजार कोसळेल अशी भीती होती, तसं घडलं नाही. कमी उत्पन्नवाल्यांना हप्त्यासाठी मिळणारं अनुदान चालू होतं आणि बहुतेक लोक टिकून राहिले. त्यामुळे सक्तीचा कायदा वाचताना मी दंडाच्या कलमाआधी अनुदानाचं कलम शोधतो.