घाटात आडोसा मिळत नाही

पहाटे पाम बीच रोडवरून सायकलींची रांग जाताना नीट पाहिलं, तर कष्ट कोण करतंय ते लगेच कळतं. वाशीकडून बेलापूरकडे सपाट रस्ता, खाडीवरून येणारा वारा, आणि तो वारा कापणारा सगळ्यात पुढचा स्वार. त्याच्या चाकामागे चिकटलेले बाकीचे त्याच वेगात गप्पा मारत जाऊ शकतात. हीच मंडळी ठाण्यात येऊरच्या चढाला लागली, की थोड्याच वेळात रांगेचे तुकडे होतात. कुणी मुद्दाम वेग वाढवलेला नसतो. चढच प्रत्येकाला सुटं करतो. टूर द फ्रान्स, जिरो द इतालिया किंवा स्पेनची वुएल्ता, या तीन आठवड्यांच्या शर्यतींचा निकाल बहुतेक वेळा आल्प्स, पिरेनीज, डोलोमाइट्सच्या घाटांतच का लागतो, याचं उत्तर याच फरकात आहे.

थोडं गणित मांडू. ६२ किलो वजनाचा कसलेला स्वार धरा, सायकल आणि कपडे-बाटल्या धरून एकूण ७० किलो. सपाट रस्त्यावर ताशी ४५ किलोमीटरने एकट्याने जायचं, तर त्याला सुमारे ४०० वॉट शक्ती लागेल, आणि त्यातली नव्वद टक्के फक्त हवा बाजूला सारण्यात जाईल. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यावर मात करायला लागणारी शक्ती तर घनाने. म्हणून दुसऱ्याच्या मागे बसलं, की शंभराहून जास्त वॉट वाचतात.

आता तोच स्वार ८ टक्के चढावर आणा, म्हणजे शंभर मीटर पुढे गेलं की आठ मीटर वर. वेग ताशी २० किलोमीटर. एकूण शक्ती लागते सुमारे ३५०. यातले ३०० वॉट गुरुत्वाकर्षण खातं, पंधरा वॉट टायरचं घर्षण खातं आणि हवेच्या वाट्याला येतात जेमतेम तीस-पस्तीस. दुसऱ्याच्या मागे राहून वाचणार किती, तर दहाएक वॉट. वजन वर न्यायचं काम दुसरं कुणीच आपल्यासाठी करू शकत नाही. (आपल्यासारख्या ७० किलोच्या हौशी माणसाने बारा किलोची सायकल घेऊन याच चढावर ताशी ८ किलोमीटर गाठले, तरी त्याला दीडशे वॉटच्या आसपास द्यावे लागतात. खारघरच्या टेकडीवर धाप लागते त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.)

शर्यतीत ‘हल्ला’ म्हणतात तो इथे सुरू होतो. पाच-सहा जण एका लयीत चढत असताना एक जण उठतो, पेडलवर उभा राहतो आणि निघून जातो. आपल्या उदाहरणातल्या स्वाराने वेग २० वरून २५ वर नेला, तर शक्ती ३५० वरून ४६० वॉटच्या पुढे जाते. एक मिनिट हे टिकवलं, तर तो इतरांपेक्षा ८३ मीटर पुढे असेल, म्हणजे मागच्यांच्या वेगाने पंधरा सेकंद. एका मिनिटाच्या जीवघेण्या मेहनतीचं फळ फक्त पंधरा सेकंद! मग कुणी हा उद्योग का करतं?

कारण हल्ल्याचं खरं लक्ष्य मागच्याच्या पायांतला राखीव साठा असतो. मोनो आणि शेरे या फ्रेंच संशोधकांनी १९६५ मध्ये स्नायूंच्या कामाबद्दल मांडलेली कल्पना आजही सायकलिंगच्या प्रशिक्षणात वापरली जाते. प्रत्येकाची एक शक्तीची पातळी असते, जिच्या आत राहिलं तर शरीर प्राणवायूच्या जोरावर बराच काळ काम करू शकतं. त्या पातळीच्या वर गेलं, की एका मर्यादित साठ्यातून खर्च सुरू होतो. सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीसारखं समजा. पालिकेची लाइन ठरावीक धारेनेच पाणी देते. वापर त्या धारेपेक्षा जास्त झाला, की टाकी उतरते, आणि वापर कमी झाल्याखेरीज ती पुन्हा भरत नाही. आपल्या स्वाराची ‘धार’ ३८० वॉट आणि ‘टाकी’ २० किलोजूलची धरू. ४६३ वॉटचं एक मिनिट म्हणजे पाच किलोजूल गेले, पाव टाकी. अशी चार मिनिटं झाली, की तळ दिसतो. त्यानंतर माणूस थांबत नाही, पण ३८० च्या खाली घसरतो, आणि समोरचं चाक हळूहळू दूर जाताना त्याला पाहत राहावं लागतं.

चढावर आडोसा नाही, म्हणून हल्ल्यामागे धावणाऱ्यालाही जवळपास तेवढीच किंमत मोजावी लागते. डाव असतो तो ही किंमत प्रतिस्पर्ध्याला नको त्या वेळी मोजायला लावण्याचा. बचावाची एक रीतही यातूनच निघते. टीम स्काय या ब्रिटिश संघाने २०१२ ते २०१८ या सात वर्षांत टूर सहा वेळा जिंकली, ती बरीचशी एकाच पद्धतीने. सहकारी एकामागून एक पुढे येऊन ‘धारे’च्या अगदी काठावरचा वेग लावत. सगळेच काठावर असताना हल्ला करणाऱ्याला पहिल्या सेकंदापासून साठ्यात हात घालावा लागतो, आणि हल्ला कितीही देखणा असला तरी दोन-तीन मिनिटांत त्याला पकडलं जाई. बघायला हे कंटाळवाणं होतं असं अनेकांना वाटतं, मलाही वाटतं, पण शरीरशास्त्र म्हणून ते बिनतोड होतं.

ते मोडायचं कसं, हे १३ जुलै २०२२ ला टूरमध्ये दिसलं. स्लोव्हेनियाचा ताडे पोगाचार पिवळ्या जर्सीत, म्हणजे एकूण वेळेत सर्वांत पुढे होता. २,६४२ मीटर उंचीच्या गालिबिए घाटात त्याचा प्रतिस्पर्धी योनास विंगेगार्ड आणि विंगेगार्डचा सहकारी प्रिमोझ रोग्लिच यांनी आळीपाळीने हल्ले चढवले. एक जाई तेव्हा दुसरा पोगाचारच्या मागे दम घेई. पोगाचार प्रत्येक हल्ल्याला स्वतः उत्तर देत राहिला. दोघांच्या टाक्यांमध्ये मधूनमधून थोडी भर पडत होती, त्याच्या टाकीत मात्र ती संधी फारशी नव्हती. गालिबिएवर तो तुटला नाही, उलट ताजातवाना दिसत होता. हिशेब लागला पुढच्या घाटात. कोल दु ग्रानों म्हणजे ११.३ किलोमीटर, सरासरी ९ टक्क्यांहून जास्त चढ आणि माथा २,४१३ मीटरवर. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-चतुर्थांश राहतो, श्वासागणिक मिळणारा प्राणवायू तेवढाच कमी होतो, म्हणजे ‘धार’ही बारीक होते. शेवटच्या साधारण पाच किलोमीटरमध्ये विंगेगार्ड निघाला आणि पोगाचार जागच्या जागी उभा राहिल्यासारखा वाटला. एवढ्याशा अंतरात २ मिनिटं ५१ सेकंद गेले, आणि पिवळी जर्सीही. रोग्लिच त्या दिवशी बराच मागे पडला. माझ्या मते त्या दिवसाच्या विजयात त्याचा वाटा अर्धा होता.

पोगाचारनेही याची परतफेड केली. २०२५ च्या टूरमध्ये ओताकामच्या चढावर त्याने शिखराला सुमारे १२ किलोमीटर बाकी असतानाच हल्ला केला. आधी सहकारी नार्वाएझने पायथ्याशी इतका वेग लावला, की विंगेगार्डला सुरुवातीलाच साठ्यातून खर्च करावा लागला. फरक पडला २ मिनिटं १० सेकंदांचा. इतक्या लांबून निघणं ज्याची ‘धार’च सगळ्यांत मोठी आहे त्यालाच परवडतं. बाकीच्यांनी शेवटच्या तीन-चार किलोमीटरची वाट पाहिलेली बरी. घाटानंतर उतार असेल, तर माथ्याच्या जरा अलीकडे निघण्यातही शहाणपण आहे. चढावर पंधरा सेकंदांची आघाडी म्हणजे ८३ मीटर. उतारावर ताशी ६० चा वेग आला, की तेच पंधरा सेकंद अडीचशे मीटर होतात, मागचा माणूस आडोशापासून पूर्ण तुटतो आणि वळणापलीकडचा पुढचा स्वार त्याला दिसतही नाही.

घाट संपला की हवा पुन्हा हिशेबात येते, आणि डोंगरी टप्प्यांतला मला सर्वांत आवडणारा डाव इथे खेळला जातो. ३१ मे २०२५, जिरोचा विसावा टप्पा, इटलीतला फिनेस्त्रे घाट. १८.५ किलोमीटर, सरासरी ९.२ टक्के, वरचा भाग खडी-मातीचा. गुलाबी जर्सी, म्हणजे जिरोची आघाडी, मेक्सिकोच्या इसाक देल तोरोकडे, रिचर्ड कारापाझ ४३ सेकंद मागे, सायमन येट्स १ मिनिट २१ सेकंद मागे. याच घाटाच्या दिवशी २०१८ मध्ये येट्सने गुलाबी जर्सी अंगावर असताना ३८ मिनिटांहून अधिक गमावली होती. या वेळी तो निघाला तेव्हा देल तोरो आणि कारापाझ एकमेकांकडे पाहत राहिले. पाठलागाचा भार मी उचलला, तर शेवटी दुसरा मला मागे टाकेल, ही दोघांचीही भीती खरी होती.

येट्सचा सहकारी वाउट व्हान आर्ट सकाळपासून पुढच्या तुकडीत होता. घाट चढण्यात तो येट्सच्या तोडीचा नाही. वजन जास्त, म्हणून गुरुत्वाकर्षणाचा भारही जास्त. पण दरीतल्या वेगवान रस्त्यावर हवा फोडायला त्याच्याइतके ताकदवान फार थोडे. फिनेस्त्रेच्या पलीकडे तो येट्ससाठी थांबला आणि त्याला आपल्या मागे घेऊन सेस्त्रिएरेच्या दिशेने निघाला. घाटात जो आडोसा कुणालाच मिळत नव्हता, तो आता येट्सला शंभरएक वॉटच्या बचतीने मिळत होता. मागे देल तोरो आणि कारापाझ यांनी आळीपाळीने वारा कापला असता, तर तीच बचत त्यांनाही अर्धीमुर्धी मिळाली असती. ते झालं नाही. सेस्त्रिएरेला येट्स त्या दोघांच्या पाच मिनिटांहून अधिक आधी पोहोचला, आणि दुसऱ्या दिवशी रोममध्ये त्याने जिरो ३ मिनिटं ५६ सेकंदांनी जिंकली.