कागदानं अडणारं रेडिएशन घातक कसं काय? थोडी पार्श्वभूमी

कैगाच्या अणुवीज केंद्राचं नाव पेपरात आलं की आपल्या खानापूर-बेळगाव पट्ट्यात चर्चा सुरू होतेच, रेडिएशन पसरलं तर काय म्हणून, आणि बोलणारे सगळे एक्सरे, मोबाईल टॉवर, अणुभट्टी एकाच पोत्यात घालतात. तसं नाहीय ओ. ह्यात जाती आहेत, प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, आणि शास्त्रज्ञांनी सुरुवातीला जिला सगळ्यात दुबळी धरली तीच एका ठराविक ठिकाणी सगळ्यात वाईट निघाली.

1896 ला पॅरिसमध्ये बेकरेल ह्या शास्त्रज्ञाच्या ड्रॉवरमध्ये काळ्या कागदात गुंडाळलेली फोटोची प्लेट युरेनियमच्या क्षाराशेजारी राहून आपोआप काळवंडली, तिथून ही गोष्ट सुरू होते. दोन वर्षांत क्युरी नवराबायकोनं पोलोनियम आणि रेडियम शोधलं (पोलोनियम लक्षात ठेवा, खाली लागणार आहे). मग रदरफर्डनं साधीच युक्ती केली, युरेनियमवर ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे एकावर एक ठेवत गेला आणि प्रत्येक वेळी किती उरतंय ते मोजलं. पहिल्या काही पत्र्यांतच बराचसा भाग गायब, उरलेला मात्र दाद देईना. म्हणजे दोन प्रकार. लगेच अडणारा तो अल्फा, पुढं जाणारा तो बीटा, ही नावं 1899 ची. 1900 ला विलार्डला तिसरा सापडला, गॅमा, पण तो कण नाही, एक्सरेच्या कुळातला, म्हणून त्याला इथंच सोडतो. बीटा म्हणजे पळणारा इलेक्ट्रॉन हेही तेव्हाच कळलं.

अल्फा काय आहे हे ठरायला मात्र 1908 उजाडलं, आणि तो प्रयोग मला ह्या सगळ्या इतिहासात जास्त आवडतो. रदरफर्ड आणि रॉइड्सनी मँचेस्टरला काचेची एक नळी बनवून घेतली, भिंत मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी पातळ, आत रेडियममधून निघणारा, स्वतः अल्फा सोडणारा रेडॉन वायू भरून बंद केली. वायू बाहेर येणार नाही, पण अल्फा कण भिंतीतून पार होणार. तिच्याभोवती दुसरी जाड नळी, हवा काढून घेतलेली. दोनेक दिवस थांबून बाहेरच्या नळीत जमलेल्यात विजेची ठिणगी पाडली तर त्या उजेडाच्या वर्णपटात हेलियमची पिवळी रेघ दिसली! म्हणजे अल्फा हा हेलियमचा गाभा, दोन प्रोटॉन दोन न्यूट्रॉन. न्यूट्रॉन हा शब्द आपण आज वापरतोय बरं का, तो चॅडविकला सापडला 1932 ला.

आता परिणामांचं बघा. अल्फा म्हणजे उसानं भरलेली डबल ट्रॉली, लांब जात नाही पण जिथनं जाईल तो रस्ता उखडून ठेवते. हवेत काही सेंटीमीटर, साध्या कागदानं अडतो, कातडीवरच्या मेलेल्या थरातच खलास. बीटा हवेत काही मीटर जातो, मांसात काही मिलिमीटर, त्याला प्लास्टिक किंवा ॲल्युमिनियम पुरतं. थेट शिसं लावलं तर बीटाला अचानक ब्रेक लागून उलट एक्सरे तयार होतात, म्हणून आधी प्लास्टिक. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही, तो शिशातून सुद्धा आरामात जातो, त्याला हायड्रोजनवाल्या वस्तू लागतात, पाणी, मेण, काँक्रीट. कैगात जड पाणी असतंय ते न्यूट्रॉनचा वेग कमी करायलाच की.

शरीरावरचा धोका मोजताना आज बीटा आणि गॅमाला 1 चा आकडा देतात, अल्फाला 20. हे शहाणपण फार महाग पडलं. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास अमेरिकेत घड्याळाच्या तबकड्यांवर रेडियमचा चमकणारा रंग लावायला पोरी ठेवल्या होत्या, आणि ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरून ओला करायचा हे त्यांना शिकवलेलंच होतं. रोज थोडं थोडं पोटात गेलं. शरीराला रेडियम कॅल्शियमसारखं वाटतंय, म्हणून ते हाडांत जाऊन बसलं आणि आतून अल्फा सोडत राहिलं. जबड्याची हाडं सडली, कित्येकजणी मेल्या.

जड कणाचा हा थोडक्यात सगळी शक्ती सोडायचा गुण उलटा, उपचारासाठी वापरता येतो हे 1946 ला रॉबर्ट विल्सननं मांडलं. प्रोटॉनसारखा जड कण थांबायच्या जरा आधी सगळ्यात जास्त शक्ती सोडतो, मग कॅन्सरच्या गाठीच्या खोलीवरच त्याला थांबवा की. आपल्याकडचे पेशंट शेक घ्यायला मुंबईला टाटाला जातात, त्यांच्याच खारघरच्या सेंटरमध्ये आता ही प्रोटॉनची सोय आहे.

पण मला सांगायचं होतं निपाणीबद्दल, आपल्या तंबाखू-बिडीच्या गावाबद्दल. कैगाची भीती घालणारा माणूस ती बोलताना बिडी ओढत असतो. तंबाखूच्या पानावर बारीक चिकट लव असते, तिच्यावर हवेतल्या रेडॉनपासून बनलेलं शिसं-210 (शिशाचा किरणोत्सारी प्रकार) चिकटतं, थोडं फॉस्फेट खतातून मुळांवाटेही येतं, आणि त्यातनं पुढं तयार होतं पोलोनियम-210, पक्कं अल्फा सोडणारं. सिगारेटच्या धुरात ते असतं हे रॅडफर्ड आणि हंट ह्यांनी 1964 ला छापलं, पुढच्याच वर्षी ओढणाऱ्यांच्या श्वासनलिकेच्या फाट्यांवर ते मोजलं गेलं. पान हाताळताना कातडी अडवते, पण धुरातनं गेलेल्याला आत मेलेला थर नसतो. कॅन्सरमध्ये मोठा वाटा तंबाखूतल्या रसायनांचा, पोलोनियमचा नेमका किती ह्यावर अजून वाद आहे. अमेरिकेतल्या सिगारेट कंपन्यांना मात्र ते 1960 च्या दशकातच आतल्या आत माहीत होतं, त्यांचीच कागदपत्रं नंतर कोर्टकचेऱ्यांतून बाहेर आली.